रेचलचे तीस डॉलर

मेरीलँड राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराला लागून, डॉर्चेस्टर नावाचा परगणा आहे. सपाट आणि पाणथळ. केंब्रिज हे त्यातलं मुख्य गाव, आणि केंब्रिजच्या दक्षिणेला बकटाउन. तिथे गाव म्हणावं असं काही नाही. एक चौक, एक जुनं दुकान, भोवती मक्याची आणि सोयाबीनची शेतं, आणि शेतं संपली की खाजण. या भागातल्या ग्रीनब्रायर रोडवर शेताच्या कडेला, खांबावर एक ओतीव धातूची पाटी होती. गाडी जरा वेगात असली तर दिसून न दिसल्यासारखी. मजकूर चार-पाच ओळींचा. हॅरिएट टबमन, १८२० ते १९१३. ती याच भागातली. गुलामीतून स्वतः सुटली आणि सुमारे तीनशे गुलामांना उत्तरेकडे नेऊन सोडवलं. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यासाठी शुश्रूषा, टेहळणी आणि हेरगिरी केली. खाली यादवी युद्धाच्या शताब्दीसाठी नेमलेल्या मेरीलँडच्या आयोगाचं नाव.

एवढ्याशा मजकुरात दोन आकडे चुकलेले आहेत. हॅरिएटचा जन्म १८२० चा नव्हे, १८२२ चा. तो कळतो हिशेबाच्या कागदावरून. तिची आई रिट ज्या मळ्यावर तेव्हा होती, त्याचा मालक अँथनी थॉम्पसन याने मार्च १८२२ मध्ये रिटच्या बाळंतपणासाठी सुईणीला दोन डॉलर दिल्याची नोंद आहे. गुलाम बाईला मूल झालं याची नोंद ठेवायचं त्याला कारण नव्हतं. दोन डॉलर गेले याची होतं. दुसरा पुरावा १८४९ चा. हॅरिएट, म्हणजे तेव्हाची मिंटी, दोन भावांसह पळाली तेव्हा मालकीण एलिझा ब्रोडेस हिने वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. तीत मिंटीचं वय सुमारे २७, उंची पाच फूट, रूप चांगलं असं लिहिलेलं. म्हणजे पळालेल्या मालाचं वर्णन करणारी मालकीण सरकारी पाटीपेक्षा अचूक निघाली. या जाहिरातीचा मूळ छापील अंक २००३ मध्ये बकटाउनलाच कचऱ्यात निघालेल्या जुन्या कागदांत सापडला.

आणि तीनशे? तो आकडा सारा ब्रॅडफर्ड या बाईंचा. त्यांनी १८६९ मध्ये हॅरिएटचं चरित्र लिहिलं, हॅरिएटला घरासाठी पैसे मिळावेत म्हणून, आणि हातचं राखून न ठेवता लिहिलं. एकोणीस फेऱ्या, तीनशे माणसं. हॅरिएट स्वतः युद्धाआधीच्या सभांतून याहून पुष्कळ कमी सांगत असे. आता अभ्यासकांनी नावानिशी मेळ घालून जे ठरवलं आहे ते असं: सुमारे तेरा फेऱ्या आणि सुमारे सत्तर माणसं. शिवाय आणखी तितक्याच लोकांना तिने वाटेची माहिती देऊन मार्गी लावलं.

सत्तर ऐकून काहींचा विरस होतो, हे मी पाहिलं आहे. मला मात्र ती पाटी खऱ्या अर्थाने वाचता आली ती सत्तर हा आकडा कळल्यावर. तो ज्यांनी कळवला त्या बाईंचं मी देणं लागते. काय आणि किती, ते पुढे येईल.

मी फिजिओथेरपिस्ट. साताऱ्याहून अमेरिकेत आले ती नोकरीसाठी, एकटी. मुलगी पाच वर्षांची, ती माझ्या आईकडे ठेवून. एजन्सीने मला डॉर्चेस्टरमध्ये घरोघरी जाऊन उपचार करायच्या कामावर नेमलं. सेकंडहँड गाडी, नवं लायसन, आणि दोन्ही बाजूंना पाणी असलेले अरुंद रस्ते. या परगण्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या इतका जवळ आहे की उधाणाच्या दिवशी वारा दक्षिणेकडून असेल तर रस्तेच बुडतात. खारं पाणी वर सरकत चाललं आहे. पाइनची अख्खी राई उभ्या उभ्या वाळून पांढरी पडलेली दिसते. नकाशात रस्ता आहे म्हणून निघावं आणि अर्ध्यात पाणी लागावं, असं पहिल्या हिवाळ्यात वारंवार झालं.

त्या बाई माझ्या पेशंट. खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली, वय सत्तरीच्या आसपास, कृष्णवर्णीय, एकट्या राहणाऱ्या. सगळा जन्म शाळेची बस चालवण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी मी उशिरा पोचले, चिखलाने बरबटलेली, तेव्हा व्यायामाचं बाजूला ठेवून त्यांनी मला टेबलापाशी बसवलं आणि एका पाकिटाच्या पाठीवर रस्ते काढून दिले. कुठल्या वाऱ्याला कुठला रस्ता बुडतो, हरणं कुठे आडवी येतात, धुक्यात कुठल्या कुंपणाच्या कडेकडेने जायचं. खुणा सगळ्या त्यांच्या. “दुकानाच्या चौकात डावीकडे. ते दुकान, जिथे मिंटीच्या डोक्यात वजन बसलं.” “पुढे कालवा लागेल. आमच्या लोकांनी वीस-बावीस वर्षं चिखलात उभं राहून खणलेला. पूल ओलांडून लगेच वळ.” “कोर्टाच्या इमारतीसमोर गाडी लावत जा, तिथे सावली असते. केझायाचा लिलाव तिथेच झाला, पण तेव्हाची इमारत जळाली, ही नंतरची.”

मिंटी कोण, केझाया कोण, मला पत्ता नव्हता. विचारलं की त्या म्हणत, “आधी चालायला शिकव, मग सांगते.”

आमच्या धंद्यात पेशंटचं ध्येय कागदावर लिहावं लागतं. वॉकर घेऊन अमुक फूट चालणं, तमुक पायऱ्या चढणं. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “गाडीतून उतरून ग्रीनब्रायर रोडवरच्या पाटीपर्यंत जायचं आणि उभ्याने ती वाचायची. कुणाचा हात न धरता.” हे लिहिता येण्यासारखं नव्हतं. मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, नियमाने घरी येऊन उपचार त्यालाच मिळतात ज्याला घराबाहेर पडणं फार कष्टाचं असतं. पेशंटला रस्त्यावरची पाटी वाचायची आहे असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी उपचार बंद. मी लिहिलं, ‘सपाट जमिनीवर वॉकरसह ५० फूट.’ त्यांनी कागद वाचला, हसल्या आणि सही केली. उपचार रीतसर संपल्यावर एका रविवारी, चर्चनंतर, मी त्यांना माझ्या गाडीतून तिथे नेलं. गवताळ कड उतरती होती आणि वॉकरची पुढची चाकं रुतत होती. त्यांनी हात धरू दिला नाही. पाटीपुढे उभ्या राहिल्या, मजकूर मोठ्याने वाचला, आणि ‘तीनशे’वर आल्यावर म्हणाल्या, “सत्तर. पण कुणाकुणाला, ते विचार.”

मग परतीच्या वाटेवर आणि पुढे कित्येक संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी ते विचारत गेले. मस्करॅट नावाचा खाजणातला उंदरासारखा प्राणी तिथे मोठ्या आवडीने शिजवतात. तो मी नम्रपणे टाळला. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, फक्त म्हणाल्या की मिंटी सहा-सात वर्षांची असताना अंगात गोवर असूनही तिला या प्राण्याचे सापळे तपासायला कमरेएवढ्या थंड पाण्यात पाठवत असत. “तुला नुसतं खायला सांगतेय मी.”

दुकानातली हकिकत अशी. मिंटी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. दुसऱ्या मळ्यावरचा एक गुलाम मुलगा कामावरून निघून दुकानात आला होता, मुकादम त्याच्या मागे. मुकादमाने काउंटरवरचं दोन पौंडांचं वजन त्याच्यावर भिरकावलं, ते बसलं मिंटीच्या कपाळावर. तेव्हापासून आयुष्यभर तिला बोलता बोलता मध्येच गाढ झोप लागायची, स्वप्नं दिसायची. म्हणजे पुढे रात्री-अपरात्री दलदलीतून माणसांना घेऊन जाणारी ही बाई कुठल्याही क्षणी झोपून पडण्याची शक्यता होती. बरोबरचे लोक तिच्या जागं होण्याची वाट बघत बसत. मज्जासंस्थेच्या दुखापतींवर मी काम केलं आहे. अशा पेशंटला मी गाडी चालवायला मनाई करते.

१८४९ च्या सप्टेंबरात ती पळाली. मालक एडवर्ड ब्रोडेस मार्चमध्ये मेला होता, डोक्यावर कर्ज ठेवून, आणि विधवा माणसं विकणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. तिच्या तीन बहिणी आधीच दक्षिणेत विकल्या गेल्या होत्या. दोघे भाऊ बरोबर निघाले, मग घाबरून परत फिरले. ती पुन्हा एकटी निघाली आणि फिलाडेल्फियाला पोचली. नवरा जॉन टबमन, तो मुक्त होता, तो आला नाही.

इथपर्यंतची गोष्ट हजारोंची आहे. पळालेले बहुतेक जण पोचले तिथेच राहिले, आणि त्यांना कोण दोष देणार? १८५० मध्ये तर उत्तरेतल्या मुक्त राज्यांतूनही पळून आलेल्याला धरून परत पाठवण्याचा कायदा आणखी कडक झाला. नेमक्या त्याच वर्षाअखेरीस हॅरिएट मागे वळली. कारण केझाया, तिची भाची, दोन मुलांसह केंब्रिजच्या कोर्टासमोर लिलावाला निघणार होती. केझायाचा नवरा जॉन बौली मुक्त, जहाजं बांधणारा सुतार. लिलावात तो स्वतःच बोली बोलत गेला आणि ती त्याच्या नावावर तुटली. लिलाववाला जेवायला गेला. परत येऊन पैसे मागतो तर देणारा जागेवर नाही. जॉनने बायकामुलांना गावातच एका घरात दडवलं होतं. रात्री त्यांना छोट्या होडीत घालून तो उपसागरातून बाल्टिमोरला घेऊन गेला. तिथे हॅरिएट थांबली होती.

मला सर्वांत जास्त आठवतो तो १८५४ चा नाताळ, कारण बाई तो सांगताना व्यायाम विसरत. हॅरिएटचे तीन भाऊ, रॉबर्ट, बेन आणि हेन्री, नाताळच्या दुसऱ्या दिवशी विकले जाणार होते. हॅरिएटला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने फिलाडेल्फियाहून एका मित्राकडून जेकब जॅक्सन या मुक्त कृष्णवर्णीय शेतकऱ्याला पत्र लिहवलं, त्याच्या मानलेल्या मुलाच्या नावाने. देवभक्तीची भाषा, जहाज येणार आहे, भावांनी चढायला तयार असावं, अशा अर्थाची. कृष्णवर्णीयांची पत्रं टपालात फोडून वाचत. गोऱ्यांनी वाचलं, अर्थ लागेना, म्हणून जेकबलाच बोलावून विचारलं. त्याने क्षणात अर्थ ओळखला आणि म्हणाला, मलाही काही कळत नाही, हे पत्र माझं नसावं. आणि भावांकडे गेला.

रॉबर्टच्या बायकोला नेमक्या त्याच रात्री कळा लागल्या. मूल होईपर्यंत तो थांबला आणि उशिरा निघाला, तिला न सांगता. ठरलेली जागा आईबापांच्या झोपडीजवळची, मक्याची कणसं साठवायची कणगी. तिथे भाऊ, आणखी काही जण आणि हॅरिएट पावसात लपून होते. म्हातारी रिट मुलं नाताळाला जेवायला येणार म्हणून वाट पाहत होती. दार उघडून पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघे. कणगीच्या फटींतून मुलांना ती दिसत होती. तिला सांगायचं नाही असं ठरलं होतं, कारण ती मोठ्याने रडली असती. बापाला, बेन रॉसला, सांगितलं. तो जेवण घेऊन आला, पण आत बघितलं नाही. निघायच्या वेळी डोळ्यांवर रुमाल बांधून तो त्यांच्याबरोबर थोडी वाट चालला, मुलांच्या हाताला धरून. दुसऱ्या दिवशी शोधायला आलेल्यांना त्याने सांगितलं की मी माझ्या मुलांना पाहिलेलं नाही. धर्मभीरू माणूस, खोटं बोलायचं नाही. २९ डिसेंबरला ते सगळे फिलाडेल्फियात, पळून आलेल्यांना मदत करणाऱ्या विल्यम स्टिल यांच्यासमोर उभे होते, आणि स्टिल यांनी त्यांची नावं वहीत उतरवून घेतली.

सत्तर म्हणजे ही माणसं. भाची, भाऊ, भावाची वाग्दत्त वधू जी पुरुषी कपडे घालून निघाली, शेजारी, ओळखीचे. १८५७ मध्ये आईबापसुद्धा. तीनशेमध्ये गर्दी दिसते. सत्तरमध्ये एक बाई दिसते, जिला सुटून गेल्यावर आपल्या माणसांवाचून तिथे बसवत नव्हतं, म्हणून ती पकडलं तर संपलं अशा मुलखात परत परत आली. नातं जोडलेलं असतं तिथे देणं आलंच, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझ्या आजोळी त्यालाच ऋणानुबंध म्हणायचे आणि सुनेला न विचारता चार पाहुणे जेवायला बसवायचे. पण त्या देण्यासाठी माणूस किती दूरवर जाऊ शकतो हे मी या खाजणात शिकले.

रिट दारात उभी असल्याची गोष्ट पहिल्यांदा ऐकली त्या संध्याकाळी मी बोलून गेले की मी निघाले तेव्हा आईने माझ्या मुलीला बागेत नेलं होतं, मला जाताना तिने पाहू नये म्हणून. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “हनी, तुला वाईट वाटतंय ते खरं आहे. पण ही तुलना करू नकोस. तुझ्याकडे परतीचं तिकीट आहे.” मग थोड्या वेळाने, “पोर आणतेस कधी?”

पाटीबद्दल त्यांचं मत सरळ होतं. ती लागली साठच्या दशकात. तेव्हा केंब्रिजच्या हॉटेलांत त्यांना बसून जेवता येत नव्हतं, आणि रेस स्ट्रीटच्या कुठल्या बाजूला कुणी राहायचं हे ठरलेलं होतं. १९६३ मध्ये ग्लोरिया रिचर्डसन यांच्या नेतृत्वाखाली तिथे मोठं आंदोलन झालं. राज्याने नॅशनल गार्ड उतरवलं आणि ते वर्षभर गावात राहिलं. सैनिकाची संगीन हाताने बाजूला सारणाऱ्या ग्लोरियांचा फोटो आजही छापतात. बाई त्या मोर्च्यांत होत्या. १९६७ च्या जुलैत पाइन स्ट्रीटला आग लागली तेव्हा गोऱ्यांचं अग्निशमन दल कृष्णवर्णीयांच्या वस्तीत शिरायला तयार झालं नाही आणि घरं-दुकानं जळत गेली. “मेलेल्या हॅरिएटला पाटी द्यायला त्यांची हरकत नव्हती,” बाई म्हणायच्या. “जिवंत ग्लोरिया मात्र चालत नव्हती.” तरीही ती पाटी त्यांना हवी होती. बस घेऊन जाताना पोरांना दाखवायला काहीतरी होतं, म्हणत.

एकदा मी त्यांना जोतीराव फुल्यांबद्दल सांगितलं. माझे आजोबा खटाव तालुक्यातले. फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण तिथेच. घरात सत्यशोधकी वळण होतं आणि ‘गुलामगिरी’ची प्रत होती. अमेरिका हा देश मला आधी कळला तो त्या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतून. १८७३ मध्ये पुण्यात बसून जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं, त्यांनी निरपेक्षपणे, झळ सोसून निग्रो गुलामांना मुक्त केलं म्हणून. मला वाटलं बाईंना अभिमान वाटेल. त्यांनी वॉकरवर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, “त्या भल्या लोकांत आम्ही होतो का?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. पुण्याला तेव्हा कळलं असेल ते सैन्य, अध्यक्ष, कायदा यांच्याबद्दल. कणगीत लपलेल्यांचं, होडी वल्हवणाऱ्या सुताराचं वर्तमान तिथवर जाण्याचा मार्ग कुठला? पण मग अर्पणपत्रिकेचा पुढचा भाग सांगितला: माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा आणि शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवायला पुढे यावं अशी आशा जोतीराव तिथे व्यक्त करतात. हे ऐकून बाई एकदम हसल्या. “अच्छा, म्हणजे तो परक्यांचं कौतुक करून घरच्यांना लाजवत होता. हे समजलं. मीही तेच करायचे, पुढच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जाईल असं मागच्यांचं कौतुक.” मग गंभीर होऊन म्हणाल्या, “पण तू कधी लिहिलंस तर आमची नावं घाल.”

जोतीरावांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कृतज्ञता बहुधा ज्याचं नाव छापून येतं त्याच्याच पदरात पडते. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, १८४९ मध्ये मिंटी पळाली. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना गेल्या, तारीख १० मार्च. हॅरिएट १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला गेली, तिचीही तारीख १० मार्च. मेरीलँडमध्ये तो दिवस तिच्या नावाने पाळतात. योगायोगावर फार भार टाकू नये. पण आमच्या घरी त्या दिवशी दोन्ही नावं घेतली जातात, आणि त्याला मी काही कारण देत बसत नाही.

मुलीचा व्हिसा व्हायची वेळ आली तेव्हा मी डिसेंबरात साताऱ्याला निघाले. निरोप घ्यायला गेले तर बाईंनी एक पाकीट हातात दिलं. आत तीस डॉलर. पाकिटावर लिहिलेलं, ‘रेचल’.

रेचल हॅरिएटची धाकटी बहीण. बाकीचे सगळे निघाले, ती राहिली. हॅरिएट तिच्यासाठी आली होती, एकदा नव्हे. पण रेचलची दोन मुलं, अँजरीन आणि बेन, तिच्यापासून दूर, दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली होती, आणि मुलांना सोडून रेचल निघायला तयार नव्हती. १८६० च्या अखेरीस हॅरिएट पुन्हा आली तेव्हा कळलं की रेचल आदल्या वर्षीच वारली. मुलांना तरी न्यावं, तर त्यासाठी चारायला तीस डॉलर हवे होते. ते तिच्याकडे नव्हते. मुलं मागे राहिली. हॅरिएट रिकाम्या हाताने परतली नाही. त्या थंडीत ती एनल्स नावाच्या कुटुंबाला घेऊन गेली, तान्ह्या बाळासकट. ती तिची शेवटची फेरी. पुढे १८६३ च्या जूनमध्ये साउथ कॅरोलायनात कंबाही नदीवरच्या लष्करी मोहिमेत तिने वाट दाखवली आणि एका रात्रीत सातशेहून अधिक लोक सुटले. पाटीवर तीनशे, नदीवर सातशे, आणि बहिणीची दोन मुलं राहून गेली ती तीस डॉलरसाठी.

बाई दर डिसेंबरात तीस डॉलर वेगळे काढत आणि ज्याचं थोडक्यासाठी अडलं आहे अशा कुणाला तरी देत. चर्चमधून नाही, कुणाला सांगून नाही. “तुझं अडलेलं नाही हे मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण वाटेत काय लागेल सांगता येत नाही. पोरासाठी आहेत.” मी ते जपून वगैरे ठेवले नाहीत. मुंबईत व्हिसाला लागतात त्या मापाचे फोटो पुन्हा काढावे लागले, त्यात काही गेले. उरलेल्यात मुलीला लोकरीचा कोट घेतला, कारण तिने साताऱ्याच्या थंडीपलीकडे थंडी पाहिली नव्हती. पुढची कित्येक वर्षं तीच मुलगी शाळा सुटल्यावर बाईंच्या स्वयंपाकघरात बसून गृहपाठ करायची. त्याचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. मी ते तीस डॉलर परत करायला गेले, तर मला म्हणाल्या, “मला कशाला देतेस? मी काय रेचल आहे?”

त्या गेल्या त्याला बराच काळ झाला. २०१७ मध्ये चर्च क्रीकजवळ टबमनच्या नावाचं प्रशस्त माहिती केंद्र उघडलं, ते त्यांनी पाहिलं नाही. २०२१ मध्ये तर हॅरिएटच्या बापाच्या, बेन रॉसच्या घराची जागा ब्लॅकवॉटर अभयारण्यातल्या दलदलीत सापडल्याचं जाहीर झालं. शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञ बाई राज्याच्या महामार्ग खात्याच्या. त्यांना आधी हाती लागलं ते १८०८ चं एक नाणं, मग मोडक्या ताटल्या-वाट्यांचे तुकडे. वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पाट्या लावणाऱ्या यंत्रणेनेच हेही शोधावं, याचं मला बरं वाटलं. बाईंनी यावर काहीतरी तिखट टिप्पणी नक्की केली असती.

आता मी केंब्रिजच्या एका दवाखान्यात काम करते. उन्हाळ्यात हूपर्स आयलंडकडच्या कारखान्यांतून बायका येतात. खेकड्यांचं मांस सोलायला मेक्सिकोतून हंगामी व्हिसावर आणलेल्या. दिवसभर सुरी चालवून मनगटं सुजलेली, मजुरी पौंडावर, आणि पोरं मागे आईकडे किंवा सासूकडे ठेवलेली. गेल्या मोसमात एकीने मला विचारलं की उपचार एक आठवडा पुढे ढकलता येतील का, कारण मुलाच्या शाळेच्या पैशांत थोडे कमी पडत होते आणि ती कामाचा दिवस बुडवू शकत नव्हती. मी आत जाऊन पाकीट आणलं. माझी स्पॅनिश बेताची, तिची इंग्रजी त्याहून बेताची. रेचल कोण हे सांगायचा मी प्रयत्न केला आणि अर्ध्यावर सोडून दिला. कधी परत करू, तिने विचारलं. परत करायचे नाहीत, मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. पर्समधून छोटी वही काढून तिने माझं नाव विचारून लिहिलं, पुढे ३० असा आकडा घातला, आणि माझ्यासमोर धरून खात्री करून घेतली.